घरचा संगणक संशोधनाला द्यायचा आहे, कोणता प्रकल्प निवडू?

निळीशाई: माझ्याकडे चार कोअरचा डेस्कटॉप आहे. रॅम ८ जीबी, ग्राफिक्स कार्ड साधंच. संध्याकाळी चार-पाच तास चालू असतो आणि त्यातला बराच वेळ मी नुसतं वाचत असते. लोकांच्या घरच्या संगणकांवर परग्रहवासीयांचे संकेत शोधणाऱ्या सेटी ॲट होमबद्दल ऐकलं होतं, पण ते बंद झालं म्हणे. आता कुठे जोडून घेऊ? मशीन तापेल याची धास्ती आहे, आणि खरंच काही उपयोग होतो का, हेही कळायला हवं.

ध्रुवमत्स्य: हो, सेटीने मार्च २०२० मध्ये नवीन काम वाटणं थांबवलं. पण ते चालवणाऱ्या बर्कली विद्यापीठाच्या मंडळींनीच तयार केलेलं बॉइंक, म्हणजे घरच्या संगणकाचा रिकामा वेळ संशोधनाला देणारा प्रोग्रॅम, अजून चालू आहे आणि त्यावर बरेच प्रकल्प आहेत. तुमच्यासाठी मी डोळे झाकून आइन्स्टाइन ॲट होम सुचवेन. त्यात दुर्बिणींच्या आणि गुरुत्वीय लहरींच्या नोंदींत फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांचा, म्हणजे मोठा तारा फुटल्यावर उरलेल्या अतिघन गाभ्यांचा, माग काढतात. उपयोगाचं विचारलंत, तर २०१० साली अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींत एक पल्सार, म्हणजे नियमित स्पंदनं पाठवणारा असाच फिरता तारा, सापडला, सेकंदाला सुमारे ४१ गिरक्या घेणारा. तो पकडला अमेरिका आणि जर्मनीतल्या सामान्य लोकांच्या घरच्या संगणकांनी! शोधाच्या श्रेयात त्यांचीही नावं आहेत. मला तर ही गोष्ट आजही थक्क करते.

पंखा_चालू: प्रकल्प कुठलाही घ्या, आधी सेटिंग बघा. बॉइंक बसवलं की चारपैकी दोनच कोअर द्या. आपण काम करत असताना थांबायचं की नाही, तेही ठरवता येतं. तापमान दाखवणारा एखादा प्रोग्रॅम पहिला आठवडाभर उघडा ठेवा आणि कॅबिनेटमधली धूळ काढा. लॅपटॉप असता तर मी नकोच म्हटलं असतं. तासन्‌तास पूर्ण ताण घेण्यासाठी तो बनवलेला नसतो. विजेचा हिशोबही करा: ५० वॉट जादा लागले, तर वीस तासांत एक युनिट. आणि फक्त या कामासाठी रात्रभर मशीन चालू ठेवू नका, ते मला पटत नाही.

रेणूवेडी: आजारांच्या संशोधनाची ओढ असेल तर फोल्डिंग ॲट होम. प्रथिनं घडी कशी घालतात, आकार कसा बदलतात, याची गणितं असतात. २००० पासून चालू आहे, प्रोग्रॅम वेगळा, बॉइंकचा नाही. मात्र दिलेलं काम पुरं करायच्या मुदती कमी असतात आणि चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल तर मजा. तुमच्या वेळेत आइन्स्टाइनच बरं.

निळीशाई: मग आइन्स्टाइनच. पण काम अर्धवट असताना संगणक बंद केला तर सगळं वाया जातं का?

ध्रुवमत्स्य: नाही. ठरावीक अंतराने प्रगती साठवली जाते, तिथूनच पुढे सुरू होतं. फक्त कामाचा साठा जास्त दिवसांचा मागवू नका, तुमच्या चार-पाच तासांत तो उरकणार नाही. प्रोग्रॅम अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा.

पंखा_चालू: आणि बरेच दिवस संगणक बंद राहणार असेल, तर आधी बॉइंकमधलं ‘नो न्यू टास्क्स’ (नवीन काम नको) दाबा. हातातलं पुरं होत नसेल तर रद्द करा. म्हणजे मुदत संपेपर्यंत ते अडकून पडत नाही, सर्व्हर लगेच दुसऱ्या कुणाला देतो. एकच काम बऱ्याचदा दोघांना देऊन उत्तरं ताडून बघतात, त्यामुळे आपण अडवून ठेवलं की तो दुसराही ताटकळतो.