जॅम आणि १०५ अंश

‘थर्मामीटर १०५ दाखवेपर्यंत जॅम आटवा’ आणि ढवळता ढवळता वाकळ (जुन्या कापडांची गोधडी) शिवा, असा सल्ला कुणीतरी दिलाय. १०५ अंशांचं मुंबईत ठीक. साताऱ्यात तेच करून मी गेल्या फेब्रुवारीत दोन किलो स्ट्रॉबेरीची चक्क चिक्की केली, बरणीतून चमचा निघेना! कारण साधं आहे. सातारा समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटर उंच, आणि दर ३०० मीटरला पाणी अंदाजे एक अंश आधीच उकळतं. त्यामुळे आपल्याकडे जॅम १०२-१०३ लाच होतो, महाबळेश्वरात तर १०० च्या आसपास. आधी नुसत्या पाण्यात थर्मामीटर बुडवून उकळी किती अंशाला येते ते बघा आणि त्यात साडेचार मिळवा. नाहीतर थंडगार बशीवर थेंब टाकून बोटाने सरकवून बघायची जुनी रीत आहेच, तिला कुठला आलाय सेल. पेक्टिनची, म्हणजे जॅम घट्ट करणारी, पूडही मी आणत नाही. किलोमागे एक कच्चट पेरू शिजवून गाळून घालते, वर लिंबू पिळते.

जॅम ढवळता ढवळता वाकळ शिवायचा सल्ला मात्र मला पटला नाही. वाकळीच्या जुन्या धोतराच्या अस्तरावर थेंब उडाला आणि मी शहाणीने लगेच साबण चोळला. लाल डाग निळसर झाला. असा डाग ताजा असतानाच सुती कापड ताणून धरायचं आणि वरून उकळतं पाणी ओतायचं, साबण नंतर. माझ्या वाकळीवर त्या जागी आता एक ठिगळ जास्त आहे.