ब्लॅकजॅक डीलरचा तोंडी हिशोब : काय पाठ हवं आणि सराव कसा करावा?

हिरवी_चिप

कॅसिनोतल्या ब्लॅकजॅक डीलरच्या प्रशिक्षणासाठी चाचणी द्यायची आहे. पत्ते पिसणं, शूमधून (पत्त्यांच्या खोक्यातून) वाटणं, चिप्सच्या थप्प्या कट करणं हा हातांचा भाग सरावाने बसतो आहे. प्रश्न डोक्यातल्या हिशोबाचा आहे. एक, एक्का असलेल्या हाताची बेरीज तीन-चार पत्त्यांनंतर पटकन कशी धरायची? दोन, ब्लॅकजॅकवर (पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहाचा पत्ता) ३:२ ने किती द्यायचं, तेही ३५, ६५, ८५ अशा अडनिड्या बेटवर? काही टेबलांवर ६:५ असतो, त्याचं काय? पाढे कुठपर्यंत लागतात? कॅल्क्युलेटर नाही, समोर सात जागा भरलेल्या, असं धरून सांगा.

दिडकीवाला

पैशांचं आधी घेतो. आकड्यांत विचार करू नका, चिप्समध्ये करा. तुम्हाला शेवटी उत्तर लिहायचं नाहीये, चिप्स मांडायच्या आहेत. मी पांढरी १, लाल ५, हिरवी २५, काळी १०० हे रंग धरतो. तुमच्याकडे वेगळे असतील तर ते आधी डोळ्यांत बसवा. अडीचची चिप बऱ्याच रॅकमध्ये ठेवलेली असते, ती मुख्यतः याच कामासाठी.

३:२ म्हणजे सरळ दिडकी. एका रंगाच्या दर दोन चिप्समागे त्याच रंगाच्या तीन द्यायच्या. जोडी न जमलेली एकटी चिप उरली की तिची दिडकी पाठ हवी, आणि अशा तीनच आहेत:

लाल ५ ची साडेसात : एक लाल, एक अडीचची.
हिरव्या २५ ची साडेसदतीस : एक हिरवी, दोन लाल, एक अडीचची.
काळ्या १०० ची दीडशे : एक काळी, दोन हिरव्या.

आता ८५ घ्या. तीन हिरव्या, दोन लाल. दोन हिरव्यांच्या तीन हिरव्या. उरलेल्या हिरवीची एक हिरवी, दोन लाल, एक अडीचची. दोन लालच्या तीन लाल. झाल्या चार हिरव्या, पाच लाल, एक अडीचची. पाच लाल म्हणजे एक हिरवी, म्हणून मांडायच्या पाच हिरव्या आणि एक अडीचची : १२७.५०. उलटून तपासा : १०० ची दिडकी १५०, १५ ची साडेबावीस, वजा केली की तेच. ६५ चं असंच : तीन हिरव्या, चार लाल, एक अडीचची, म्हणजे ९७.५०. आणि ३५ चे साडेबावन्न : दोन हिरव्या, एक अडीचची.

पडताळ्याची एक खूण कायम लक्षात ठेवा. बेट पाचच्या पटीत असेल आणि शेवटचा आकडा ५ असेल, तर देण्यात अडीचची एक चिप हवीच. शेवटी ० असेल तर नकोच. ३० वर एकटी हिरवी आणि एकटी लाल, दोघींच्या मिळून दोन अडीचच्या येतात, त्यांची एक लाल करा : एक हिरवी, चार लाल, ४५. बेटचा शेवट ० आणि हातात अडीचची उरली, तर चिप्स सरकवण्याआधी थांबा, कुठेतरी चुकलंय.

६:५ मध्ये जोड्या विसरा. बेट जशीच्या तशी, वर तिचा पाचवा हिस्सा. म्हणजे प्रत्येक लालमागे एक जादा पांढरी, हिरवीमागे एक जादा लाल, काळीमागे चार जादा लाल. ८५ वर : तीन हिरव्या, दोन लाल, वर तीन लाल आणि दोन पांढऱ्या. १०२. पाचच्या पटीत नसलेल्या बेटवर अपूर्णांक येतो, १२ वर १४.४० होतात. त्याचं काय करायचं हा घरचा, म्हणजे त्या कॅसिनोचा, नियम असतो, तो टेबलावर उभं राहण्याआधी विचारून घ्यायचा.

माझ्या मते बेरजेपेक्षा मोठा धोका म्हणजे एकाच शिफ्टमध्ये ३:२ च्या टेबलावरून ६:५ वर जाणं. २५ ला एकीकडे साडेसदतीस, दुसरीकडे तीस. हात जुन्या टेबलाच्या सवयीने चालतो. टेबल बदललं की पहिला पत्ता काढण्याआधी लेआउटवर (टेबलाच्या कापडावर) छापलेला दर वाचायचा, दर वेळी.

इस्पिक_सत्ती

एक्क्याचं मी सांगते. गोंधळ होतो तो एक्का आधी ११ धरून ठेवल्यामुळे. डोक्यात नेहमी खालची बेरीज धरा, सगळे एक्के १. हात वाचताना शेवटी बघायचं : एक्का आहे आणि बेरीज ११ किंवा कमी आहे? मग १० मिळवा, एकदाच. दोन एक्के ११-११ धरले तर २२ होतात, म्हणून दुसऱ्यांदा मिळवायचा प्रश्नच येत नाही.

एक्का-छक्की : खालची ७, वरची १७. त्यावर नव्वी आली. डोक्यात १७ असेल तर २६ होतात आणि नवखा डीलर अजून जिवंत असलेला हात बस्ट (२१ च्या वर गेलेला) म्हणून उचलतो. डोक्यात ७ असेल तर ७ आणि ९, १६, हार्ड, म्हणजे एक्का आता १ च. संपलं. एक्का-दुर्री-एक्का-चौकी : खालची ८, म्हणजे १८.

डीलरच्या स्वतःच्या हाताचा निर्णयही याच खालच्या बेरजेवर बसवा. एक्का असताना ६ किंवा कमी : पत्ता घ्या. ८ ते ११ : थांबा. १२ ते १६ : घ्या. १७ ते २१ : थांबा. फक्त एक्क्यासह ७ वर, म्हणजे सॉफ्ट १७ वर (एक्का ११ धरून १७), टेबल काय सांगतं ते बघायचं. काही ठिकाणी डीलर घेतो, काही ठिकाणी थांबतो, आणि तेही लेआउटवर छापलेलं असतं.

खेळाडूला पत्ता दिला की बेरीज मोठ्याने म्हणा, सॉफ्ट असेल तर दोन्ही : ‘सात किंवा सतरा’. हे खेळाडूइतकंच तुमच्यासाठी आहे. म्हटलेला आकडा डोक्यात टिकतो, पुढच्या पत्त्याला नव्याने मोजावं लागत नाही.

पत्ते एकेक करून येतात तेव्हा चालती बेरीज. पण शेवटी सगळा हात समोर पसरलेला असताना परत मोजायचा तर दहाच्या जोड्या शोधा. चौकी, सत्ती, छक्की, तिर्री ओळीने मोजू नका : सात-तीन दहा, सहा-चार दहा, वीस.

बस्टसाठी बेरीज करायचीही गरज नाही. २२ मधून हातातली बेरीज वजा करा, तितक्याचा किंवा त्याहून मोठा पत्ता आला की हात गेला. १४ वर अठ्ठी आणि पुढचं, १६ वर छक्की आणि पुढचं.

हिरवी_चिप

खालची बेरीज धरायची हे पटलं. इन्शुरन्स आणि साइड बेटचा हिशोब कितपत विचारतात?

फ्लोअरवरून

विचारतात, आणि तो सोपा आहे. अवघड आहे तो क्रम.

इन्शुरन्स म्हणजे डीलरचा एक्का उघडा असताना त्याला ब्लॅकजॅक लागेल यावरची वेगळी बेट : मूळ बेटच्या निम्म्यापर्यंत, देणं २:१. पूर्ण निम्मी लावली असेल तर देणं बरोबर मूळ बेटइतकंच येतं. ५० च्या बेटवर २५ इन्शुरन्स, डीलरला ब्लॅकजॅक : ५० घेतले, ५० दिले. हिशोब जुळला नाही तर इन्शुरन्स निम्म्याहून कमी होता का ते बघा. तसं असेल तर जेवढ्या चिप्स तिथे आहेत त्यांच्याच दुप्पट. खेळाडूकडे ब्लॅकजॅक आहे, तुमचा एक्का उघडा आहे आणि त्याने ईव्हन मनी मागितलं, तर १:१, दिडकी नाही. सरेंडरला (खेळाडू हात सोडून देतो) निम्मे परत : ३५ चे साडेसतरा, तीन लाल आणि एक अडीचची.

साइड बेटचे (मूळ बेटशिवाय लावलेल्या जादा बेटचे) दर टेबलागणिक बदलतात, पण गुणाकार तेच तेच येतात. १२ पट म्हणजे दहापट आणि दुप्पट. २५ पट म्हणजे शंभरपटीचा चौथा हिस्सा : १५ च्या बेटवर १५०० चे ३७५. ११ पट म्हणजे दहापट आणि एकदा तीच. यापलीकडे मोठे पाढे ब्लॅकजॅकला लागत नाहीत. ३५ आणि १७ चे पाढे रूलेटचे, ते तेव्हा करा. ‘२५:१’ मध्ये लावलेली चिप वेगळी असते, ती जागेवर राहते, देण्यात मोजायची नाही.

आता टेबलावर खरं चुकतं ते इथे. एक्क्यांची जोडी फोडली (दोन वेगळे हात केले), एका एक्क्यावर राजा आला. हे २१ आहेत, ब्लॅकजॅक नाही, देणं १:१. चित्राचा पत्ता आणि एक्का दिसला की हात आपोआप दिडकीकडे जातो, आणि ३:२ च्या टेबलावर १०० च्या बेटवर ५० जादा जातात.

दुसरं, निकालाच्या वेळी प्रत्येक हाताची नव्याने वजाबाकी करू नका. तुमची बेरीज एकच, समजा १९. प्रत्येक जागेला फक्त एवढंच विचारायचं : जास्त, सारखे की कमी. जास्त असेल तर द्या, सारखे असतील तर पुश म्हणून टकटक करा, कमी असेल तर घ्या. बहुतेक घरांत हे डीलरच्या उजवीकडून डावीकडे चालतं. एका जागेचा निकाल पुरा होईपर्यंत तिथले पत्ते उचलायचे नाहीत. पत्ते गेले की वादात दाखवायला काही उरत नाही.

चूक लक्षात आली तर हात थांबवा आणि फ्लोअर सुपरवायझरला बोलवा. दिलेल्या चिप्स स्वतः परत ओढू नका, रक्कम कितीही लहान असो. कॅमेऱ्यात दुरुस्ती आणि चोरी सारखीच दिसते.

दिडकीवाला

वरच्याशी सहमत. सरावाचं राहिलं होतं.

एक पूर्ण जोड घ्या. एक्का १, चित्रं १०, बाकी अंकाप्रमाणे. एकेक पत्ता उलटत चालती बेरीज करत जा, शेवट ३४० वर यायला हवा (इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, प्रत्येकाचे ८५). जमायला लागलं की एक पत्ता न बघता बाजूला काढून ठेवा. ३३२ आले तर बाजूला अठ्ठी आहे, उलटून खात्री करा. याने बेरीज करताना मध्येच हरवणं थांबतं. मग त्याच जोडातून डीलरचे हात वाटा, १७ पर्यंत, खालच्या बेरजेने.

चिप्सचा सराव वेगळा करा. लाल-हिरव्यांची मिसळ थप्पी न मोजता उचलायची, कट करून बेट ओळखायची, शेजारी दिडकी मांडायची, मग त्याच थप्पीवर ६:५. मांडणी आधी, कागदावरचा पडताळा नंतर.

इस्पिक_सत्ती

यात एकच भर : पहिले काही आठवडे घड्याळ लावू नका. घाईत शिकलेली चुकीची जोडी, म्हणजे २५ ला ३५ किंवा ४५ ला ६५, हातात बसली की सुटायला फार वेळ लागतो. सलग वीस देणी बिनचूक झाली की मग वेळ मोजा, आणि तेव्हा शेजारी कोणालातरी बोलत बसवा. टेबलावर शांतता नसते, चाचणीतही परीक्षक मुद्दाम मध्ये प्रश्न विचारू शकतो. उत्तर द्यायचं असेल तर हातातलं देणं पुरं मांडून मग द्या.