थंड्याच्या बाटलीची जबाबदारी कोणाची?

धुऱ्यावरचा_पोट्टा: राजेहो, गावात छोटं किराणा दुकान हाये आपलं. उन्हाळ्यात थंडा न पाणी लय खपते, लग्नसराईत तं मांडवामागं रिकाम्या बाटल्यांचा खच पडते, न पहिल्याच पावसात सगळं नाल्यातून वावरात. औंदा डवऱ्याच्या पासीत बाटली अडकली. ग्रामपंचायत म्हणते तू विकतं तं तूच उचल. बनवणाऱ्या कंपनीवर काहीच नाही काय?

नियमवाला: हाये ना भाऊ. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत उत्पादकाची जबाबदारी होतीच, २०२२ मधी आकडे लागले. बाटलीसारख्या कडक पॅकिंगचं २०२४-२५ ले निदान ५०% रिसायकल, २०२७-२८ पासून ८०%. पण हिशोब टनात हाये, गावात नाही. कंपनी रिसायकलरचं सर्टिफिकेट घेते, सरकारी पोर्टलवर टाकते, झालं. तुया नाल्यातल्या बाटलीसाठी कोणी येईन काहून?

कबाडीवाला: मी भंगार घेतो म्हणून सांगतो, लिटरची बाटली वीसेक ग्रॅमची, किलोले पन्नास लागते, वरून लोक बूच लावून देते तं ते दबतही नाही. गाडीभर बाटल्या म्हणजे गाडीभर हवा, डिझेल सुटत नाही. लोखंड भेटलं तं थांबतो.

जुनेकाका: आमच्या टायमाले काचेची बाटली होती, डिपॉझिट ठेवल्याबिगर दुकानदार घरी नेऊ देत नव्हता, न कंपनीची गाडी क्रेट मोजून वापस नेत होती. जर्मनीत २००३ पासून एकदा वापरून फेकायच्या बाटलीवर २५ सेंट डिपॉझिट घेते. तामिळनाडूत सरकारी दारू दुकानात बाटलीमागं १० रुपये जास्त, वापस केली की परत, २०२२ ले निलगिरीपासून सुरू झालं. बेवडा बाटली वापस करून रायला बाप्पा, न आपण पाण्याची फेकतो!

धुऱ्यावरचा_पोट्टा: काका पटते, पण माह्यं दुकान दहा बाय बारा, पोत्यानं बाटल्या ठेवू कुठं? मोजाले बसू का गिऱ्हाईक करू?

नियमवाला: म्हणून तं बऱ्याच देशांत दुकानदाराले बाटलीमागं हाताळणीचे पैसे भेटते, तेही उत्पादकाकडून. न ज्या बाटल्या वापसच येत नाही त्यायचं डिपॉझिट कोणाच्या खिशात, हे आधी लिहून घ्या लागते, खरी भांडणं तिथंच. २०१८ मधी आपल्या राज्य सरकारनंही बाटलीवर परत घ्यायची किंमत छापा म्हटलं होतं. तुयाकडं आलं काय कोणी घ्याले?

धुऱ्यावरचा_पोट्टा: छापलेलं पाह्यलं भाऊ, घेणारा नाही पाह्यला.