मदत हवी आहे: १९९२ ची मियाटा, मागच्या मालकाने खाली बसवलेली, खड्ड्यात आपटते. कॉइलओव्हर घेऊ का?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकीच्या विभागात आला असेल तर हलवावा.

गाडी माझदा मियाटा, १९९२ ची, १.६ लिटर, ११६ अश्वशक्ती, पाच गिअर, लाल रंग, वर येणारे दिवे. मुक्काम न्यू जर्सी. गेल्या ऑक्टोबरात एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली. इंजिन ठणठणीत आहे, छप्पर गळत नाही, गंज खाली थोडा आहे पण भोकं नाहीत. एवढ्यावर मी भाळलो. घरी "आपल्याला सामान ठेवायला दुसरी गाडी हवी" असं सांगून आणली आणि हिच्या डिकीत बॅटरी असते हे घरी आल्यावर उघड झालं. असो.

प्रश्न सस्पेन्शनचा. त्या गृहस्थांच्या आधीच्या कुणीतरी बुटक्या स्प्रिंग टाकून गाडी खाली बसवली आहे. दिसते झकास. चालवताना मात्र पुलाच्या सांध्यावरून गेलं की पाठीत धपाटा बसतो. डेलावेअर वॉटर गॅपजवळच्या ओल्ड माइन रोडवर गेलो होतो. तो रस्ता ज्यांना माहीत आहे ते हसतील. तिथे एका वळणात मध्येच उंचवटा आला आणि मागचा भाग चक्क एक फूट बाजूला सरकला. वेग ताशी चाळीस मैलसुद्धा नव्हता. बायको शेजारी होती. ती काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

शिवाय पुढून डावीकडे हळू वेगात 'टक टक' येतं.

माझा अंदाज असा की सस्पेन्शन मऊ पडलंय म्हणून गाडी खाली आपटते, तेव्हा कडक स्प्रिंगचे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र, उंची कमी-जास्त करता येणारा सेट) टाकावेत. बजेट १५०० डॉलर, काम स्वतः करणार. जॅक, स्टँड, टॉर्क रेंच आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी पार्किंगमध्ये शंकू लावून गाड्या पळवतात तिथे जायची इच्छा आहे, पण नव्वद टक्के वापर फिरण्याचाच. कोणता सेट घ्यावा?

– पॉपअप_९२

खडखडाट: कॉइलओव्हर घ्या, उंची हवी तशी करा, विषय संपला. स्वस्तातले सेट सातआठशे डॉलरला मिळतात, उरलेल्या पैशात टायर.

चौथा_विशबोन: थांबा, एवढ्यात कार्ड काढू नका. ही गाडी माझ्याकडे चौदा वर्षं होती (१९९४ ची, १.८). तुम्ही सांगताय ते लक्षण मऊ स्प्रिंगचं वाटत नाही. शॉकची, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या शॉकअपची, हालचाल संपत असावी.

दोन गोष्टी मोजून इथे टाका. एक, चारही चाकांचं हबच्या (चाक जिथे बसतं त्या मधल्या भागाच्या) मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा आणि झीज त्यात येते. दोन, प्रत्येक शॉकच्या दांड्यावरचं धुळीचं रबरी बूट वर सरकवा आणि दांड्याला एक बारीक झिप-टाय घट्ट आवळा. तो खाली शॉकच्या नळकांड्याला टेकेपर्यंत ढकला. मग त्याच ओल्ड माइन रोडवर एक फेरी मारा. घरी येऊन झिप-टाय कुठे जाऊन बसलाय ते बघा.

आणि बूट सरकवलंच आहे तर बंप स्टॉप जिवंत आहेत का तेही पाहा. दांड्यावर वरच्या बाजूला फोमचा गुंडा असतो तो, शॉक पूर्ण दाबला की शेवटचा धक्का झेलतो.

पुणेरी_पाना: आमच्याकडे ही गाडी कंपनीने कधी विकलीच नाही, त्यामुळे आम्ही फोटो बघून हळहळणारे. पण 'टक टक' जगभर एकच भाषा बोलतं. स्टेबिलायझरचे (वळणात गाडीचं झुकणं आवरणारा आडवा बार) लिंक रॉड आणि लोअर आर्मचे (चाक धरणारा खालचा दांडा) बॉल जॉइंट बघा. चाक हवेत उचलून वर-खाली दोन हातांनी हलवा, मग डावी-उजवीकडे. कुणाला तरी आत बघायला सांगा. शॉकअपला शिव्या घालण्याआधी ही पाच मिनिटं द्या.

पॉपअप_९२: मोजलं. पुढे डावी-उजवी सव्वाबारा इंच, मागे साडेबारा. डावीकडे पाव इंच कमी-जास्त.

झिप-टायचा प्रयोग केला. चौघांपैकी तीन झिप-टाय वर जाऊन बंप स्टॉपच्या बुडाशी चेपलेले. चौथा, मागचा डावा, सापडलाच नाही, कारण तिथे बंप स्टॉपच नव्हता. म्हणजे होता, पण बूट सरकवल्यावर हातात जुन्या सोनपापडीसारखा भुगा आला. पिवळट, चिकट. बोटं धुवायला डिझेल लागलं.

लिंक रॉड पुढचा डावा खुळखुळा निघाला. पुणेरी_पाना, तुम्हाला मानलं. पंचवीस डॉलरमध्ये 'टक टक' गेली.

चौथा_विशबोन: वाटलंच होतं. आता हिशोब मांडतो, कारण तो कळला की कुठला सेट घ्यायचा हे तुम्हीच ठरवाल.

मूळ गाडीत ते हब-ते-मडगार्ड अंतर चौदा इंचांच्या आसपास असतं. तुमचं पुढे सव्वाबारा. म्हणजे चाकाची वर जायची पावणेदोन इंच जागा तुम्ही गाडी उभी असतानाच खर्च केली आहे. या गाडीत शॉक लोअर आर्मवर मधल्या भागात बसतो, चाकापाशी नाही, त्यामुळे पुढे चाक एक इंच हललं की शॉक साधारण ०.७ इंच हलतो. पावणेदोन इंच चाकाचे म्हणजे दांड्याचे सव्वा इंच. या पिढीच्या मियाटात मुळातच दांड्याला फार जागा नाही. त्यातून सव्वा इंच गेल्यावर बंप स्टॉप हाकेच्या अंतरावर येतो.

वळणात काय झालं ते आता जुळवा. बाहेरच्या बाजूचं मागचं चाक आधीच दाबलेलं, त्यात उंचवटा आला, बंप स्टॉप लागला. तुमच्या बाबतीत तर भुगाच, म्हणजे लोखंडाला लोखंड. त्या क्षणी त्या कोपऱ्याची स्प्रिंग अचानक दसपट कडक झाली असं समजा. टायरवरचा भार एकदम उसळला आणि पकड सुटली. गाडी बिचारी निर्दोष आहे. चारही चाकांना डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर एक, खाली एक आर्म) दिलेली ही गाडी, तिला हलायलाच जागा नाही.

दुसरं, स्प्रिंग कडक आणि शॉक जुने मूळचे. दाबलेली स्प्रिंग परत उसळताना तिला धरून ठेवणं हे शॉकचं काम. मूळ शॉक मूळ स्प्रिंगच्या ताकदीला जुळवलेले असतात. तुमचे तर तीस वर्षांचे असतील. म्हणून पुलाच्या सांध्यानंतर गाडी दोनतीनदा डुलते. डुलते ना?

पॉपअप_९२: डुलते. मला वाटत होतं ते या गाडीचं वैशिष्ट्य आहे.

खडखडाट: मग कॉइलओव्हरने उंची वाढवता येतेच की. मी काय वेगळं म्हणालो?

चौथा_विशबोन: उंची वाढवता येते हे बरोबर. पण सातशे डॉलरच्या बऱ्याच सेटमध्ये स्प्रिंग दगड आणि शॉकचा दांडा आखूड. उंची वाढवायला स्प्रिंगची वाटी (स्प्रिंग जिच्यावर टेकते ती) वर घेतली की खाली सुटायची बाजू कमी होते आणि चाक खड्ड्यात उतरायच्या वेळी हवेत राहतं. हालचाल कुठून तरी यायला हवी, वाटी फिरवून ती तयार होत नाही. चांगले कॉइलओव्हर आहेत, नाही असं नाही, पण ते १५०० मध्ये बसत नाहीत.

पॉपअप_९२, तुमच्या वापराला मी असं करेन. बिल्स्टीन किंवा कोनीचे या गाडीसाठीचेच शॉक. कोनीच्या पिवळ्या शॉकला स्प्रिंगच्या वाटीसाठी दोन खाचा असतात, एक मूळ उंचीची आणि एक खालची, आणि उसळी किती आवरायची ते वरून फिरवून ठरवता येतं. स्प्रिंग मूळच्यापेक्षा पावणेदोन ते दुप्पट कडक, त्याहून जास्त नको. मूळ पुढची स्प्रिंग इंचाला दीडशे-एकशेसाठ पौंडांची असते, म्हणजे तीनशेच्या घरातली पुरे. आकडा मोठा वाटतो, पण ०.७ चा वर्ग ०.४९ होतो. चाकापर्यंत त्यातला निम्माच कडकपणा पोचतो. त्यामुळे कंबर शाबूत राहील, दोघांचीही.

सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात स्वस्त: वरचे माउंट (शॉकचं वरचं टोक गाडीला धरणारा भाग) दुसऱ्या पिढीच्या मियाटाचे, १९९९ पासूनच्या गाडीचे बसवा. त्यांची रचना अशी आहे की दांड्याला जास्त हालचाल मिळते. थोडी जुळवाजुळव लागते, पण पहिल्या पिढीवाले वर्षानुवर्षं हे करतात. सोबत नवे बंप स्टॉप. हे चार गुंडे विकत घेताना कंजूषपणा करू नका, या गाडीत ते स्प्रिंगचा भाग असल्यासारखेच काम करतात.

उंची पुढे तेरा इंच, मागे सव्वातेरा. फोटोत आत्ताएवढी झकास दिसणार नाही.

बेबी_हेडलाइट: आणि स्टेबिलायझर बार? जाडा टाकला तर वळणात कमी झुकेल ना?

चौथा_विशबोन: पुढचा जाडा चालेल, पण नंतर. मागचा तूर्त अजिबात हलवू नका. मागचा कडक केला की मागचं आतलं चाक हलकं होतं, आणि त्यांना आधीच मागचा भाग सरकण्याचा अनुभव आलाय. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

पुणेरी_पाना: बुशांबद्दल कुणी बोलत नाहीये म्हणून बोलतो. सगळं उघडणारच आहात तर आर्मचे रबरी बुश (सांध्यात बसणाऱ्या रबरी नळ्या) बघा. आणि हे वाक्य छापून गॅरेजच्या भिंतीला लावा: आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे.

माझ्या पॅलिओला एकाने नवे बुश टाकले आणि गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळताना, सगळं टाइट करून दिलं. या बुशांत रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. ते फिरत नाही, पिळतं. लोंबकळत्या स्थितीत आवळलं की गाडी खाली ठेवल्याक्षणी प्रत्येक बुशाला कायमचा पीळ बसतो. गाडी उगाच उंच आणि कडक लागली, तीन महिन्यांत बुश फाटले. मी त्या तीन महिन्यांत मिस्त्रीला "शॉकअप भारी टाकलेस रे" म्हणून चहा पाजला होता. नावं सांगत नाही, चहाचे पैसे आता कोण परत करणार.

खडखडाट: पॉलीयुरेथेनचे बुश टाका, पिळायचा प्रश्नच नाही.

पुणेरी_पाना: प्रश्न नाही, पण दरवर्षी ग्रीस विसरलात की गाडी जुन्या वाड्याच्या दरवाज्यासारखी बोलते. फिरायच्या गाडीला रबरच बरं, हे माझं मत.

पॉपअप_९२: सगळ्यांचे आभार. कॉइलओव्हर रद्द. शॉक, स्प्रिंग, दुसऱ्या पिढीचे माउंट, बंप स्टॉप असं सगळं मिळून साडेअकराशेला आलं.

आता नवा घोटाळा. पुढची दोन्ही चाकं झाली. जुनी स्प्रिंग सोडवताना स्प्रिंग कॉम्प्रेसर भाड्याने आणला होता. ते प्रकरण मांडीवर जिवंत सुतळी बॉम्ब घेऊन बसण्यासारखं आहे, मुलांना घरात पाठवलं होतं. पण मागच्या डाव्या चाकाचा खालचा लांब बोल्ट, जो आर्म आणि हबच्या भागातून आरपार जातो, तो नट काढल्यावरही हलेना. तीन दिवस गंजतेल मारतोय. हातोडीने ठोकला तर टोकाचे आटे दबायला लागले. थांबलो.

चौथा_विशबोन: थांबलात ते छान. हिवाळ्यात बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चाललेल्या मियाटात हा बोल्ट कुप्रसिद्ध आहे, बुशाच्या आतल्या नळीला गंजाने धरून बसतो. ठोकू नका, फिरवा. नट परत दोनतीन आटे चढवा म्हणजे टोक वाचेल, आणि डोक्याला लांब दांड्याचा पाना लावून आधी आवळायच्या दिशेने जरासा हलतो का बघा. बोल्ट फिरला पण बुश सोबत पिळतोय असं दिसलं तर तो तिथेच धरलाय. बुश बदलणारच असाल तर उष्णता द्या. रबर जळेल, वास सुटेल, दार उघडं ठेवा, पाण्याची बादली जवळ. आणि नवा बोल्ट आजच मागवा, जुना कसाही निघाला तरी परत घालायचा नाही.

पुणेरी_पाना: आणि नव्याला अँटीसीझ (बोल्ट गंजून अडकू नये म्हणून लावायचा लेप) फासून घाला. पुढच्या मालकाचे आशीर्वाद मिळतील.

पॉपअप_९२: पुढचा मालक नाही.

बेबी_हेडलाइट: अलाइनमेंटचे आकडे पण देऊन ठेवा कुणीतरी, मी हा धागा जपून ठेवतेय.

चौथा_विशबोन: रस्त्यासाठी: कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा कल) पुढे उणे १ अंश, मागे उणे दीड. कॅस्टर (बाजूने पाहताना स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) ५ अंशांच्या जवळ, दोन्हीकडे सारखा. टो (वरून पाहताना चाकांची तोंडं आत की बाहेर) पुढे शून्य, मागे किंचित आत. चालकाच्या सीटवर तुमच्या वजनाइतकं काहीतरी ठेवायला सांगा. हजार किलोच्या गाडीत तुमचे सत्तर-ऐंशी किलो लपत नाहीत. अलाइनमेंटचे फिरणारे कॅम बोल्ट गंजले नाहीत ना ते आधी घरी तपासून जा. तिथे ते अडकले तर अर्ध्या तासाची मजुरी नुसत्या बघण्याची द्यावी लागते.

पॉपअप_९२: शनिवारी रात्री साडेनऊला निघाला. उष्णता, मग आवळायच्या दिशेने एक झटका, कर्रर्र असा आवाज आला आणि मला वाटलं तुटला. तुटला नव्हता. बाहेर काढल्यावर मधला भाग भाजलेल्या वांग्याच्या देठासारखा दिसत होता. शेजाऱ्याने वासामुळे फोन केला, त्याला बोलावून दाखवला.

आर्मचे बोल्ट गाडी लाकडी ठोकळ्यांवर, चाकांवर उभी करून आवळले. खाली झोपून, नाक डिफरन्शियलला टेकत. पुढे तेरा इंच झालं, मागे तेरा आणि एक अष्टमांश.

काल अलाइनमेंट करून परस्पर ओल्ड माइन रोडला गेलो. तेच वळण, तोच उंचवटा. गाडी एकदा खाली बसली, एकदा वर आली, आणि पुढे गेली. झिप-टाय अजून दांड्यांवर आहेत. चारही बंप स्टॉपच्या अर्धा इंच खाली थांबले.

बायकोला येत्या रविवारी नेणार आहे. ती म्हणाली, आधी तू दोनदा जाऊन ये.