नवीन ग्राफिक्स कार्ड बसवल्यापासून डिस्प्ले नाही, आता जुन्या कार्डावरही विंडोज सुरू होईना. मदत हवी आहे

जाणकारांनी कृपया लक्ष घालावं. दोन दिवस मशीन बंद आहे आणि मुलीच्या शेवटच्या वर्षाच्या ॲनिमेशन प्रकल्पाचं सगळं काम त्यात आहे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एकेक दृश्य रेंडर व्हायला रात्र जायची, म्हणून तिच्यासाठीच कार्ड बदलायला घेतलं. फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आहे, पण ती तीन आठवड्यांपूर्वीची. मधल्या तीन आठवड्यांत तिने सर्वांत जास्त काम केलंय.

मशीन असं आहे: प्रोसेसर आय५-९४००एफ, मदरबोर्ड बी३६० चिपसेटचा, ८ जीबीच्या दोन रॅम, सॅटा एसएसडीवर विंडोज १०, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) ५५० वॉटचा मॉड्युलर, म्हणजे त्याच्या केबल वेगळ्या काढता-लावता येतात. जुनं कार्ड जीटीएक्स १०५० टीआय, नवीन आरटीएक्स ३०६०. जुन्या कार्डाला वेगळी पॉवर केबल लागतच नव्हती, स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटवर त्याचं भागायचं. नव्याला १७० वॉट लागतात, म्हणून एसएमपीएसच्या खोक्यातली आठ पिनांची केबल काढून लावली. ही केबल मी पहिल्यांदाच हाताळली, हेही सांगून ठेवतो.

बटण दाबलं की कॅबिनेटचे आणि प्रोसेसरचे पंखे फिरतात. कार्डाचे पंखे दोन-तीन सेकंद फिरून थांबतात. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. मदरबोर्डच्या कडेला चार बारीक दिवे आहेत: सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट. पहिले दोन लागून विझतात आणि व्हीजीएचा दिवा लागला की लागलेलाच राहतो. बोर्डाला स्पीकर जोडलेला नाही, त्यामुळे बीप वाजते का ते कळत नाही.

मॉनिटरची केबल कार्डालाच लावली आहे, मदरबोर्डला नाही. तसंही ‘एफ’वाल्या प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे कार्डाशिवाय चाचणी घ्यायची सोय नाही. कार्ड दोनदा काढून बसवलं, स्लॉटची खिट्टी ‘टक्’ वाजेपर्यंत दाबलं. रॅमही काढून पुन्हा बसवल्या, कारण कार्ड दाबताना बोर्ड थोडा वाकतो. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट दोन्ही लावून पाहिले. काही फरक नाही.

मग काल रात्री सीमॉस रीसेट केलं, म्हणजे मदरबोर्डची जपून ठेवलेली सेटिंग्ज पुसली. पॉवरची वायर काढली, बोर्डावरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल दहा मिनिटं बाहेर ठेवला, परत बसवला. नवीन कार्डावर तीच गत. शेवटी जुनं कार्ड परत लावलं. डिस्प्ले आला, पण विंडोजऐवजी काळ्या पडद्यावर योग्य बूट डिव्हाइस निवडा असा संदेश! हेच जुनं कार्ड परवापर्यंत व्यवस्थित चालत होतं. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जच्या पडद्यावर) एसएसडीचं नाव दिसतंय, बूटच्या यादीत मात्र ते नाही.

माझे प्रश्न दोन. नवीन कार्डच खराब आलंय का? आणि एसएसडीवरचा डेटा शाबूत आहे का? दुसऱ्याचं उत्तर आधी मिळालं तर फार बरं होईल. पहाटेपासून मुलगी काही बोलत नाहीये.

अपडेट, त्याच दिवशी संध्याकाळी

डेटा शाबूत आहे! ‘विंडोज टाकलं तेव्हा बायोस लेगसी मोडवर होतं की यूईएफआयवर?’ असं ज्यांनी विचारलं, त्यांचे मनापासून आभार. तिथेच गाठ सुटली. (लेगसी ही मशीन सुरू करण्याची जुनी पद्धत, यूईएफआय नवी.)

ही एसएसडी आमच्या आधीच्या मशीनमधून तशीच उचलून इकडे आणली होती. तिच्यावरच्या विभागांची मांडणी जुन्या, एमबीआर पद्धतीची आहे आणि अशा डिस्कवरून विंडोज सुरू व्हायचं तर बायोसमध्ये सीएसएम (लेगसी पद्धतीने सुरू होऊ देणारी सोय) चालू लागतं. मशीन जोडलं तेव्हा ते चालू केलं होतं, पुढे विसरून गेलो. सेल काढल्यावर सगळी सेटिंग्ज मूळपदावर गेली आणि माझ्या बोर्डाचं मूळपद म्हणजे फक्त यूईएफआय. म्हणजे डिस्कला काहीच झालं नव्हतं, बोर्डच तिला बूटसाठी विचारत नव्हता. हा दुसरा बिघाड कार्डाचा नव्हताच, सेल काढून मीच ओढवला होता.

बायोसमध्ये जाऊन सीएसएम चालू केलं, सेव्ह केलं, आणि विंडोज जसंच्या तसं समोर आलं. बाकी काही करण्याआधी सगळा प्रकल्प बाहेरच्या डिस्कवर उतरवला.

एकांनी केबल बदलून पाहायला सांगितलं होतं. घरात दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसची केबल आहे, पण ती मी लावणार नाही. मॉड्युलर केबलचं एसएमपीएसकडचं टोक प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. खाचेत बसलं तरी आतल्या तारांचा क्रम निराळा असू शकतो, आणि मग कार्डासकट बाकीचे भागही जळू शकतात. हे वाचणाऱ्या कुणीही तसं करू नये.

अपडेट, दुसऱ्या दिवशी रात्री

कार्ड चांगलं आहे. सापडलं!

नवीन कार्ड पुन्हा बसवलं, बटण दाबलं आणि या वेळी खोलीतला दिवा मालवला. कार्डाच्या वरच्या कडेला, पॉवर केबल घुसते तिथेच मागच्या बाजूला, मोहरीएवढा लाल दिवा लागलेला दिसला. उजेडात केबलच्या आड तो मला दिसलाच नव्हता. माहितीपुस्तिकेत पाहिलं, तर त्याचा अर्थ कार्डाला पॉवर नीट पोचत नाहीये.

मशीन बंद केलं, एसएमपीएसचा मागचा स्विचही बंद केला आणि टॉर्च मारून पाहिलं. ही आठ पिनांची केबल मुळात सहा अधिक दोन अशा दोन तुकड्यांची असते. सहाचा तुकडा पूर्ण आत होता. दोनचा तुकडा दोनेक मिलिमीटर बाहेर. त्याच्या बाजूला एक बारीक पट्टी असते, ती सहाच्या तुकड्याखाली अडकवून दोन्ही एकदम आत ढकलायचे असतात. मी आधी सहा बसवले होते आणि मग दोन कोंबले होते. बोटाला ते बसल्यासारखे लागत होते, म्हणून एवढे दिवस तिकडे संशयच गेला नाही.

या जादा दोन पिनांतून कार्डाला वेगळा १२ व्होल्टचा पुरवठा होत नाही, दोन्ही तारा ग्राउंडच्याच. पण त्यांतल्या एकीवरून कार्ड ओळखतं की समोर ७५ वॉटची सहा पिनांची केबल नसून १५० वॉटची आठ पिनांची आहे. ती खूण पटली नाही, म्हणून आमचं कार्ड सुरूच होत नव्हतं.

केबल पूर्ण बाहेर काढली, दोन्ही तुकडे हातात जुळवले आणि एकदम दाबले. लाल दिवा गेला, व्हीजीएचा दिवाही क्षणभर लागून विझला, आणि पडदा उजळला. मुलगी मागे उभी होती, तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. आता ड्रायव्हर टाकून झालाय आणि तिचं पहिलं दृश्य रेंडरला लागलंय. कार्डाचे पंखे अजूनही मधूनमधून थांबतात, पण काम हलकं असताना ते थांबणं हा बिघाड नाही, हे इथल्या प्रतिसादांतूनच कळलं.

एकच गोष्ट विचारायची राहिली. विंडोज १० चं समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलंय आणि विंडोज ११ साठी यूईएफआय हवं. विंडोजमध्येच असलेल्या एमबीआर२जीपीटी या साधनाने डेटा न पुसता त्याच डिस्कची मांडणी एमबीआरवरून जीपीटी या नव्या पद्धतीवर बदलता येते, असं दोघांनी सुचवलंय. त्याची नुसती तपासणी मी चालवून पाहिली आणि ती यशस्वी झाली. डिस्कवर प्रायमरी पार्टिशन तीनच आहेत, त्याहून जास्त या साधनाला चालत नाहीत. प्रत्यक्ष बदल मात्र प्रकल्प जमा झाल्यावरच करणार आहे, तोवर बायोसला हात लावणार नाही. ज्यांनी सीएसएमवर चालणाऱ्या मशीनवर हे केलंय त्यांनी सांगावं: डिस्कची मांडणी बदलून झाल्यावर सीएसएम लगेच, पहिल्याच रीस्टार्टला बंद केलं होतं का?