अनुभव धागा: तुमच्या पहिल्या सुया, पहिली लोकर (आणि भेट देऊन फसलेली किटं)

शेवंती
काल माळा आवरताना आईचा निळा गोल पत्र्याचा डबा सापडला. बिस्किटं त्यात कधीच नव्हती, हे सांगायला नकोच. आत दहा नंबरच्या अॅल्युमिनियमच्या दोन सुया. एकीची टोपी तुटलेली, तिथे आईने एम-सीलचा गोळा लावलाय. आणि घोट्यापर्यंत येऊन थांबलेला एक मोजा. तो धाकट्या भावाचा. भाऊ आता 47 वर्षांचा आहे, टाके अजून सुईवरच.

मी तिथेच शिडीवर बसून राहिले. आई जाऊन सहा वर्षं झाली.

असो. विषय असा की भाची बारा वर्षांची होतेय आणि तिला विणायला शिकायचंय. गेल्या वर्षी मैत्रिणीच्या मुलीला मी ऑनलाइन किट दिलं होतं. 2 ते 10 मिमी, बांबूच्या 18 जोड्या! लोकर मात्र मुठीएवढी, तीही केसाळ आणि गडद जांभळी. पोरीने दोन दिवसांत नाद सोडला. तिचा भाऊ सगळ्यात जाड जोडीने पातेली बडवतो. यंदा तो मूर्खपणा नको. तुम्ही कशावर शिकलात, कोणाला काय दिलंत, काय फसलं, सगळं लिहा.

उचापती
18 जोड्या आणि हात दोन 😄

गोदाकाठ
सायकलच्या तारा. आजीने आजोबांच्या जुन्या चाकातल्या काढल्या, ओट्याच्या दगडावर टोकं घासली आणि दुसऱ्या टोकाला पेन्सिलीचं खोडरबर खोचलं. बाळाचे मोजे त्यावरच व्हायचे. आजी 62 च्या लढाईच्या गोष्टी सांगायची. वाड्यातल्या सगळ्या बायका जवानांसाठी स्वेटर विणायच्या, ज्यांना येत नव्हतं त्या लडीचे गुंडे करून द्यायच्या. लडी धरायला समोर लहान मूल बसवायचे, दोन्ही हात पुढे करून. आमच्या वेळेपर्यंत ते काम माझ्याकडे आलं होतं. हात भरून यायचे पण हलायचं नाही. कुकर झाला, येते.

टर्नर_काका
मला विणकामातलं ओ की ठो कळत नाही, बायको वाचून दाखवत होती म्हणून लिहितो. सायकलची तार साधारणपणे 14 गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर), म्हणजे 2 मिमी. आणि आपल्याकडच्या जुन्या पद्धतीची 14 नंबरची सुईसुद्धा 2 मिमी. हा योगायोग नाही. सुयांचे ते नंबर मुळात तारेच्या गेजवरूनच आलेत. तार जितकी ओढून बारीक कराल तितका नंबर वाढतो. म्हणून 14 बारीक आणि 8 जाड. तीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली, घरातल्या डब्यात गेज सापडेल असं वाटलं नव्हतं.

शेवंती
काका, मी आयुष्यभर हे उलटं का असं विचारत आलेय. काकूंना नमस्कार सांगा.

मेपलवाली
हा नंबर मला टोरांटोत भोवला! इथे मिळालेला नमुना अमेरिकन पद्धतीचा, त्यात 8 नंबर लिहिलेला. आईने पुण्याहून पाठवलेल्या 8 नंबरच्या सुया होत्याच, मी खूश. अमेरिकन 8 म्हणजे 5 मिमी, आपला 8 म्हणजे 4. नवऱ्यासाठी विणलेली टोपी नारळाला बसली. खरंच बसवून फोटो काढलाय. तेव्हापासून फक्त मिमी बघते. भेट देणार असाल तर सुईवर मिमी छापलेलं आहे ना, एवढं नक्की पाहा. शिकायला 4 मिमी उत्तम, लोकर मध्यम जाडीची.

बटाटेवडा
नारळाचा फोटो टाका आधी

अर्धवट_मोजा
शेवंती, तो मोजा वाचून माझं नाव बदलावंसं वाटलं गं. 😔 कसं वाटलं असेल तुला शिडीवर.

माझा अनुभव: काळी लोकर. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला बाई म्हणाल्या कुठलीही आणा. मी ऐटीत काळी नेली. रात्री दिव्याखाली एक टाका दिसेल तर शपथ. चाळीस टाक्यांनी सुरू केलं, दहाव्या ओळीला 53 होते. बाई म्हणाल्या, तुझी कला वाढतेय. आता कोणालाही देताना फिकी, गुळगुळीत लोकर देते. पिवळी, आकाशी, पिस्ता. केसाळ तर अजिबात नाही, ती उसवताही येत नाही, नुसता गुंता.

उचापती
@अर्धवट_मोजा पण मुलांना तीच केसाळ आवडते ना दुकानात. मऊमऊ म्हणून गालाला लावतात.

कावेरी_पुणे
पटकन लिहिते, क्लासच्या बायका यायच्यात. दहा वर्षं शिकवतेय. पहिल्यांदा शिकणाऱ्याला अॅल्युमिनियम देऊ नका, टाके सरसर घसरतात आणि मूल घाबरून सुया घट्ट आवळतं. बांबू धरून ठेवतो. पण मुळातच हात घट्ट असेल तर बांबूवर टाके पुढे सरकतच नाहीत, तिथे पुन्हा धातूच बरा. हे बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी म्हणते एकच जोडी घ्या, हात बघा, मग दुसरी. सुया आखूड घ्या, लांब सुया मुलांच्या कोपरात अडकतात. सोबत एक क्रोशाची सुई टाका, सुटलेला टाका वर उचलायला. खुणेच्या रिंगा वगैरे विकत घेऊ नका, सेफ्टीपिन पुरते. आणि पहिला प्रकल्प मफलर नको! कोणी पूर्ण करत नाही. भांडी घासायचा चौकोन किंवा बाहुलीची शाल, सगळ्या ओळी सुलट, म्हणजे एकाच साध्या टाक्याच्या. आल्या बायका.

नुसतीच_वाचक
कावेरीताई, गोल सुयांबद्दल सांगा ना, त्या वायरवाल्या. नवशिक्याला चालतील का?

मेपलवाली
ताई क्लासमध्ये आहेत तोवर मी सांगते. चालतात, सरळ विणकामही होतं त्यावर. एक ओळ झाली की हात बदलायचा, बास. वजन मांडीवर राहतं, सोफ्यात एक सुई हरवत नाही आणि बसमध्ये शेजारच्याला टोचत नाही. टोपीला 40 सेंमीची, बाकीला 80 ची.

धुंदुरमास
विमानात माझ्या सुया सुरक्षा तपासणीत काढून घेतल्या होत्या. बाळाचं टोपडं सुईवर होतं. म्हटलं सुया घ्या, टाके द्या. त्यांनी बिचाऱ्यांनी बॉलपेन दिलं! टाके पेनाच्या नळीवर चढवून आणले घरी. हे येताना झालं, जाताना मात्र कोणी विचारलंही नव्हतं.

बाय द वे थंडी पडलीय, डिंकाचे लाडू कोणी केले का? माझा डिंक आतून कच्चा राहतो.

सागरगोटा
मी मुंबईचा, पुरुष, विणतो. (हसून घ्या.) उजव्या हातात दुखणं होतं, फिजिओच्या बाईंनी सुचवलं होतं. मी डावखुरा, सगळे व्हिडिओ उलटे. शेवटी मावशी समोरासमोर बसली, आरशासारखी, आणि एका दुपारी जमलं. भाची डावखुरी असेल तर शेजारी बसू नका, समोर बसा.

मुंबईत लोकर कोण घालणार हाही प्रश्न आहेच. बहिणीच्या बाळाला लोकरीची कुंची केली, मे महिन्यात. घामोळं आलं, डॉक्टर मलाच ओरडले. मग सुती धाग्याकडे वळलो. पण सुती धागा लोकरीसारखा ताणत नाही, नवशिक्याची बोटं दुखतात. शिकायला अॅक्रेलिकच बरं.

अर्धवट_मोजा
@सागरगोटा कोण हसतंय, आमच्याकडे या दिवाळीला, दोन स्वेटर उसवायचेत 😂

गोदाकाठ
आले परत. अॅक्रेलिकला इस्त्री लावू नका हो, मरगळते कायमची. आणि शुद्ध लोकर मशीनला नको. सुनेला शुद्ध लोकरीचा मफलर दिला, तिने प्रेमाने गरम पाण्यात धुतला. आता तो मांजराच्या गळ्यात छान बसतो. दोघीही काही बोललो नाही.

हो आणि गुंडे घेताना लेबलवरचा लॉट नंबर (एकत्र रंगवलेल्या लोकरीचा नंबर) बघा, एकाच लॉटचे घ्या. तुळशीबागेतून पिवळे तीन आणले, चौथा महिन्याने. रंगाचं नाव तेच, पण स्वेटरची पाठ वेगळीच दिसते.

शेवंती
ठरलं. 4 मिमी बांबूची एक आखूड जोडी, क्रोशाची सुई, एकाच लॉटचे फिक्या पिवळ्याचे दोन गुंडे, सगळं आईच्याच डब्यात. आईच्या सुया मी ठेवते. मोजाही.

आत्ता भाचीला फोन केला, सहज रंग विचारला. काळा म्हणाली.

अर्धवट_मोजा
😂😂😂

कावेरी_पुणे
सुटला क्लास. पिवळा चौकोन विणून दाखव, मग काळा, असा सौदा करा.

@धुंदुरमास डिंक खूप मोठा आहे का? हरभऱ्याएवढा बारीक करून, तूप मध्यम गरम, थोडाथोडा तळा. एकदम टाकला की वरून फुलतो, आत चिकट राहतो.

धुंदुरमास
एकदम टाकते मी सगळा. 🙈 तूप किती घेता?