जुन्या वस्तूंनी सजवलेले घर: अभिरुची की उसना वारसा?

माळवद:
'उंबरठा' यांच्या कालच्या लेखात एक वाक्य आहे: 'ज्या दिवाणखान्यात एकही जुनी वस्तू नाही, ते घर नसून फर्निचरच्या दुकानाची शाखा आहे.' सोबतच्या छायाचित्रांत वाड्याच्या दरवाजावर काच टाकून केलेले चहाचे टेबल आहे, घंगाळात मनीप्लँट आहे आणि स्नानगृहाच्या दाराशी लामणदिवा टांगलेला आहे. उत्तर लांबणार असल्याने वेगळा धागा काढतो आहे.

ज्यांच्या घरी घंगाळ खरोखर वापरात होते त्यांना ते चिंच आणि राख घेऊन घासावेही लागत असे. माझ्या आईने ते काम वर्षानुवर्षे केले आणि स्टीलच्या बादल्या घरात आल्या तेव्हा घंगाळ मोडीत घालताना तिने एकदाही मागे वळून पाहिले नाही. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी मीही जातो आणि तिथून आणलेला खलबत्ता माझ्या स्वयंपाकघरात रोज वापरला जातो. तेव्हा माझा आक्षेप जुन्या वस्तूंना नाही. दुसऱ्याच्या घरातली वस्तू पैसे मोजून आणली की तिच्याबरोबर घराणेही मिळते, आणि ज्याला प्लायवूडचेच कपाट परवडते तो अभिरुचीत उणा ठरतो, या समजुतीला माझा आक्षेप आहे.

उंबरठा:
माझे एक वाक्य उचलून त्याखालचा मजकूर सोडून दिल्याबद्दल आभार. ते घंगाळ मी घेतले नसते तर ते वजनावर मोडीत जाऊन भट्टीत वितळले असते, म्हणजे आपल्या मातोश्रींनी जे केले तेच झाले असते. वस्तू मूळ जागेवरून हलवली की तिचा मान जातो असे मानायचे असेल, तर राजा दिनकर केळकर संग्रहालयालाही टाळे लावावे लागेल. तिथला मस्तानी महाल कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला आहे, आणि काका केळकरांनी दारोदार फिरून जमवलेले दिवे, अडकित्ते व कोरीव दरवाजे हेही कोणाच्या ना कोणाच्या घरातलेच होते.

आणि परवडण्याचा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे. पार्टिकल बोर्डचे कपाट दोन वेळा घर बदलले की स्क्रू धरेनासे होते आणि तळाशी पाणी लागले की फुगते. ओशिवऱ्याच्या बाजारातून घेतलेले माझे जुने सागवानी कपाट त्याहून स्वस्त पडले.

रंधा:
मी आयुष्यभर सुतारकाम केले आहे आणि माझ्या मते हे भांडण चुकीच्या वस्तूंवरून चालले आहे, कारण 'पुरातन' म्हणून विकले जाणारे पुष्कळ सामान नवेच असते. जोधपूरकडे आंब्याच्या आणि बाभळीच्या लाकडाचे फर्निचर करून, त्यावर रंगाचे थर चढवून ते पुन्हा खरवडण्याचा मोठा धंदा आहे. तो उघडपणे चालतो तोवर त्यात गैर काही नाही. लबाडी सुरू होते ती दुकानदार त्याला 'कोकणातल्या इनामदारांचे' म्हणू लागतो तेव्हा.

वस्तू पाहायची असेल तर पुढून पाहू नका. खण बाहेर काढून त्याचा तळ पाहा, कारण तिथे रंधा कोणी फिरवत नाही. हाताच्या करवतीचे ओरखडे सरळ पण कमीजास्त अंतराचे असतात, तर यंत्राच्या गोल पात्याचे कमानीसारखे दिसतात. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आक्रसते, त्यामुळे जुन्या गोल टेबलाची फळी मोजली तर ती किंचित लंबगोल भरते. झीज कडीपाशी आणि हात टेकतो तिथे असावी. सगळीकडे सारखी असेल तर ती कानशीने आणलेली आहे. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण कडेच्या पांढऱ्या लाकडाला लागते. भोकांखाली ताजी पिठी सांडत असेल तर किडा जिवंत आहे, आणि ती वस्तू घरातल्या इतर लाकडाजवळ नेऊ नये. चोर बाजारातल्या चकचकीत पितळी कर्ण्याच्या ग्रामोफोनबद्दल मी काही बोलत नाही. तो घेतलेले लोक इथे असतील.

ओसरी:
त्या टेबलाचा दरवाजा बाजारात आला कुठून, हे मात्र कोणी विचारले नाही. आमच्या वाड्याचा असाच दरवाजा गेला आणि तो आम्ही हौसेने विकला नाही. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला गोठवली. 1999 च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली खरी, पण ती त्याच गोठलेल्या रकमेवर. सगळ्या खोल्यांचे भाडे मिळून एका पावसाळ्याची कौले शाकारून होत नसत. पानशेतच्या पुरात, 1961 साली, नदीकडची मातीची भिंत बसली ती आजोबांनी कर्ज काढून उभी केली. त्यानंतर एकाही भाडेकरूने दमडी दिली नाही. शेवटी बांधकाम व्यावसायिकालाच बोलवावे लागले. वाडे आम्ही पाडले नाहीत, ते कायद्याने आणि भाडेकरूंनी पाडले.

दोन खोल्या:
मी अशाच एका वाड्यातल्या भाडेकरूचा मुलगा आहे, त्यामुळे 'ओसरी' यांचे हे वाक्य निमूटपणे गिळणार नाही. भाडे कमी होते हे खरे आहे. गळक्या छपरावर ताडपत्री आम्ही टाकत होतो, विजेच्या तारा आम्ही स्वखर्चाने बदलल्या आणि सर्व बिऱ्हाडांना मिळून असलेल्या सामाईक संडासाच्या दुरुस्तीसाठी मालकांकडे गेलो की 'खोली सोडा, मग बोलू' हेच उत्तर मिळे. दारे-खिडक्या उतरवून ट्रकमध्ये भरल्या गेल्या त्या दिवशी माझ्या वडिलांनी दर दिवाळीला रंगवलेल्या फडताळाची दारेही त्यात गेली आणि आम्हाला कोणी विचारलेसुद्धा नाही.

ओसरी:
फडताळ भिंतीतले होते आणि भिंत आमची होती. रंग दिल्याने मालकी येत नाही.

दोन खोल्या:
भिंत आपली होती, तर तिची ओल कोणाची होती तेही सांगून टाका.

माळवद:
धागा घरसजावटीचा आहे, भाडे नियंत्रणाचा नाही, याची दोघांनाही नम्र आठवण करून देतो. मात्र या भांडणाने माझाच मुद्दा सिद्ध होतो. ज्या दरवाजावरून दोन कुटुंबे अजून हमरीतुमरीवर येतात, त्यावर काच टाकून 'उंबरठा' चहाचा कप ठेवतात आणि त्याला वारसा म्हणतात.

उंबरठा:
ती दोन कुटुंबे भांडत बसली आणि दरवाजा मी विकत घेतला. आपल्या मते तो कोणी घ्यायला हवा होता? बंबात घालणाऱ्याने?

एडिसनकर:
वाद चालू द्या, माझा प्रश्न साधा आहे. आजीची पितळी समई आणि लाकडी देव्हारा न्यू जर्सीला न्यायचा आहे. त्यात काही अडचण येईल का?

रंधा:
शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलावस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसे प्रमाणपत्र घ्या, नाहीतर विमानतळावर वाद घालत बसावे लागेल. देव्हाऱ्याचा तळ कीड लागली आहे का म्हणून आधी तपासा.

माळवद:
घंगाळ भट्टीत जाण्यापेक्षा त्यात मनीप्लँट लावलेला बरा, एवढे मी मान्य करतो, आणि तेही नाइलाजाने. 'फर्निचरच्या दुकानाची शाखा' हे शब्द मात्र मागे घेतले जावेत, कारण ज्यांच्या घरातल्या जुन्या वस्तू गरिबीने विकायला लावल्या त्यांच्या दिवाणखान्यातही आज प्लायवूडच आहे.

उंबरठा:
गरिबीने वस्तू विकाव्या लागलेल्यांना ते वाक्य लागू नाही, असे समजावे. बाकीच्यांना ते लागू आहे.

ओसरी:
माझ्या दरवाजाचे व्यापाऱ्याने मला निव्वळ लाकडाच्या भावाने पैसे दिले. नक्षीचे पैसे त्याने पुढे 'उंबरठा' यांच्यासारख्या जाणकारांकडून घेतले असणार. हौशी मंडळींनी यापुढे थेट मालकालाच विचारावे. आमच्या मागच्या चौकातले खांब अजून उभे आहेत.

उंबरठा:
खांब सागाचे आहेत की शिसवी?

दोन खोल्या:
सागाचे असणार. घेण्यापूर्वी तिथे राहून गेलेल्या बिऱ्हाडांना विचारा. कोणता खांब कुठे पोखरला आहे ते मालकांपेक्षा त्यांना अधिक ठाऊक असेल.